जांभळ्या साडीवरचा शर्ट

"हे घाल वरून," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मालकांचा एक जुना शर्ट माझ्या हातात दिला. फेकला नाही. नीट हातात दिला. "साडी खराब होईन तुही."

मी घातला.

मांडवाच्या मागं, भांडी घासायच्या जागेवर, चार बायांसमोर घातला. पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघा, लांब बाह्या, खिशावर लाल दोऱ्यानं मालकांच्या नावाचं पहिलं अक्षर भरलेलं. तंबाखूचा वास. मालक अंगानं दांडगे, मी काडीसारखी. शर्ट गुडघ्यापर्यंत आला. खाली माझी जांभळी साडी, हिरव्या काठाची, काठात जरीच्या कुयऱ्या. तिचा घोळ तेवढा दिसत होता, तोही राखेत.

घाल, एवढंच म्हटलं होतं त्यांनी. बटणं लाव असं कोणी म्हटलं नव्हतं. बटणं माझी मी लावली. खालपासून वरपर्यंत सगळी. गळ्याचंही. ती पोट्टी, तेव्हाची मी, आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला थांबवून विचारीन, काव बाई, गळ्याचं बटण कायले लावलं? शाळेत चालली होती का?

मी तेव्हा विशीतली. लग्न होऊन पांढरकवड्याकडून मुकुटबनच्या अलीकडच्या ह्या गावात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. साडी मायनं लग्नात दिलेली. नेसायला एकच दिवस मिळाला होता, माझ्याच लग्नाचा, आणि त्या दिवशी मान वर करायची सोय नव्हती. म्हणजे साडी सगळ्यांनी पाहिली, मीच पाहिली नाही. एकदा तरी ती नेसून चार माणसांत उभं राहायचं, लोकांनी पाहिलेलं आपण पाहायचं, एवढीच हौस होती. लय मोठी मागणी नव्हती. पण गावाला ती मोठी वाटली.

मालकांच्या पोरीचं लग्न निघालं. त्यांचा गडी आमच्या बौद्धपुऱ्यात येऊन सांगून गेला, सगळ्यांनी या. गावात रीत अशी की मालकाच्या घरचं लग्न म्हणजे शेतातल्या बायांनी मागची भांडी आणि पत्रावळी पाहायच्या, आणि पंगती उठल्यावर जेवायचं. सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं मला सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं त्याला वाटलंच नाही. मी आपली पेटी उघडली, साडी नेसली, वेणी घातली, आरशात तीनदा पाहिलं.

बाकीच्या बाया कापूस वेचायला जातात तशाच निघाल्या. जुनं लुगडं, त्यावर नवऱ्याचा शर्ट. आमच्याकडं बाया शेतात असाच शर्ट घालतात. पऱ्हाटीची बोंडं हात ओरबाडतात, ऊन लागतं, म्हणून. लग्नाला शर्ट घालून चाललेल्या बाया पाहून मला हसू आलं. मनात म्हटलं, कशा वो ह्या, लग्नालेही शर्ट घालते. शेवंतीनं, माझ्या शेजारणीनं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काम कराले चालली का मिरवाले?"

"दोन्ही," मी म्हटलं. अशी हुशार होते मी.

मांडवाच्या तोंडाशी वणीकडची एक पाहुणी पाहुण्यांना अत्तर लावत होती. शेवंती आणि बाकीच्या बाया बाजूनं मागं गेल्या. मी सरळ गेले. पाहुणीनं माझा हात धरला, मनगटावर अत्तर लावलं, केसात गजरा खोवला. म्हणाली, "किती गोड दिसून राह्यल्या. कोणाची सून वो तुम्ही?"

वो म्हणाली. तुम्ही म्हणाली. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी परक्या बाईनं तुम्ही म्हटलं आणि मी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजले. तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

"आमच्या कामावरची हाय ते," त्या म्हणाल्या.

पाहुणीच्या हातातली अत्तराची काडी तशीच थांबली. मग तिनं ती पदराला पुसली. हे मी पाहिलं. मालकीणबाई मला मागं घेऊन गेल्या, खुंटीवरचा शर्ट काढला, साडी खराब होईन म्हणाल्या. पाठ फिरवल्यावर नणंदेला म्हणाल्या, "पाव्हण्यांत मिसळून जाते नाईतं. ओळखाले नको?"

त्या हळू बोलल्या नव्हत्या. मी ऐकावं म्हणूनही बोलल्या नव्हत्या. मी ऐकलं काय, नाही काय, त्यांना फरकच नव्हता.

दिवसभर पत्रावळी उचलल्या. बाहीतून अत्तराचा वास येत होता. उष्ट्याच्या वासातून मध्येच तो यायचा आणि मला त्या बाईचं तुम्ही ऐकू यायचं. फोटोवाला मांडव टिपत मागं आला तर मी पदर सावरून उभी राहिले. शर्टाच्या आत असलेला पदर. तो म्हणाला, "बाजूले व्हा जरा." मी बाजूला झाले.

आता ह्यापुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट धुतला. तांब्यात निखारे भरून इस्तरी केली. घडी घालून मालकीणबाईंकडं नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "ठेव तुलेच." आणि मी म्हटलं, "उपकार झाले बाई."

हे माझ्या तोंडचे शब्द. कोणी शिकवले नव्हते. रस्त्यानं येताना मी खूश होते. एवढा चांगला टेरिकॉटचा शर्ट. शेतात घालवेना. शेतात नवऱ्याचे फाटके घातले आणि हा जरीच्या साडीसोबत पेटीत ठेवला, डांबराच्या गोळ्या टाकून. जोडी लावून दिली मी त्यांची.

म्हणून मग असं झालं की साडी काढली की शर्ट निघायचा. भावाच्या लग्नाला पांढरकवड्याला गेले. माझ्या स्वतःच्या माहेरी. साडी नेसली आणि वरून शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. माय म्हणाली, "काव, शर्ट कायले घातला?"

"साडी खराब होईन," मी म्हटलं.

तिथं कोण मालकीण होती? कोणीच नव्हती. मी अख्खं लग्न त्या शर्टात काढलं, न सांगता भांड्याला बसले, आणि पाहुणे म्हणाले, बाई लय कामाची हाय. पुढं दिराच्या लग्नात तेच. भाचीच्या तेच. विहारात जायचं तर पांढरी साडी असते, तिथं सगळ्या सारख्या, तिथं प्रश्न नव्हता. पण ती जांभळी कोणासमोर उघडी नेसायची म्हटलं की माझे हात आपोआप खुंटी शोधायचे. मला वाटायचं, आत्ता कोणी येईल आणि म्हणेल, हे घाल वरून. त्यापेक्षा आपणच घातलेलं बरं. शेवटी शेवटी साडी काढायचंच सोडून दिलं.

ह्या उन्हाळ्यात माझी नात आमू सुटीला आली. नागपूरला कॉलेजात आहे. मालकीणबाईंच्या नातवाचं लग्न होतं, हायवेवरच्या लॉनवर. ह्या वेळी पत्रिका आली होती, मोबाईलवर का होईना, माझ्या पोराच्या नावानं. त्याला सुटी नव्हती. आमू म्हणाली, आजी, आपण दोघी जाऊ. आणि माझी पेटी उघडून बसली.

बाहेर आली तेव्हा अंगावर जांभळी साडी, घडीवर दोन ठिकाणी विरलेली, आणि वरून तो शर्ट. बटणं उघडी. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पायात पांढरे कापडी बूट. गळ्यात माझी चांदीची सरी.

मी खाटेवर बसूनच राहिले.

"हे काय वं?"

"आजी, एक भारी घालायचं अन् एक साधं. दोन्ही भारी घातलं तर लग्नाचा घोडा दिसते."

"अन् दोन्ही साधं घातलं तर?"

"तर तू दिसते."

लाडाची आहे, तोंडाची फटकळ आहे. माझ्यावरच गेली असं लोक म्हणतात, पण मी तिच्या वयात अशी असते तर हे सांगायची वेळ आली नसती. मी उठून तिचं पहिलं बटण लावायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला.

"बटणं लावली तर मंग साडी कायले नेसली?"

मी पेटीचं झाकण लावलं. मी साध्या सुती साडीत निघाले.

लॉनवर बाया तिच्याभोवती जमल्या. शर्ट कुठून घेतला, आयडिया कोणाची, बूट कोणते. नागपूरच्या पाहुण्या कौतुक करत होत्या. मी मागं उभी. त्याच साडीवर तोच शर्ट, फक्त बटणं उघडी आणि मान वर.

मालकीणबाई स्टेजजवळ सोफ्यावर होत्या. म्हाताऱ्या झाल्या, माझ्याहून थकल्या. आमू पाया पडायला वाकली तर त्यांची नजर खिशावर गेली. ते लाल अक्षर त्यांनीच भरलेलं होतं.

"हा तं आमच्या ह्यांचा शर्ट," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. "तुह्या आजीले मीच दिल्ता. लग्नात साडी खराब होईन तिची म्हून. किती जपला वं बाई तुनं."

भोवतीच्या बाया वा वा म्हणाल्या. आमूनं हसून माझ्याकडं पाहिलं. आणि माझी मान हलली. हो म्हणून हलली. इतक्या वर्षांनी, इतकं कळून, मान हलली.

मालकीणबाईंच्या सुनेला हौस आली. "काकू, तुम्ही घाला नं एकदा. आईंसोबत फोटो काढू. आठवण राहीन."

आमूला काय माहीत. तिनं शर्ट काढला आणि माझ्यामागं उभी राहून धरला, कोट घालायला धरतात तसा. माझे हात बाह्यांत गेले. मी घातले नाहीत, ते गेले. फोटोवाला समोर आला. मालकीणबाईंनी माझ्यासाठी सोफ्यावर जागा केली नाही, शेजारी उभं राहायला हातानं जागा दाखवली. माझी बोटं गळ्याच्या बटणापाशी होती.

बटण अर्ध्या काजात गेलं होतं. तिथं मी थांबले.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही दिला नव्हता. घालाले लावला होता."

आवाज फार निघाला नाही. डीजे सुरू होता. मालकीणबाई म्हणाल्या, "काय म्हणते?" मी परत म्हटलं. आता सगळ्यांनी ऐकलं.

"पाव्हण्यांत मिसळून जाईन म्हून घालाले लावला होता. मी ऐकलं होतं."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. त्यांना आठवत नव्हतं. ते मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. माझं अर्धं आयुष्य ज्या वाक्यात गेलं, ते त्यांच्यासाठी वाक्यही नव्हतं.

"इतक्या वर्षांचं काय धरून बसली वं," त्या म्हणाल्या. सून हसली. "काकूंले उन्हाचा त्रास झाला वाटते. पाणी द्या." फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढून टाकला. त्या फोटोत मी आहे, शर्टात आहे, एक बटण अर्धं लागलेलं आहे. तो फोटो आता त्यांच्याकडं आहे. मी काही करू शकत नाही.

आम्ही न जेवता निघालो. ऑटोत मी आमूला सगळं सांगितलं, अत्तरापासून. ती ऐकत होती. आमच्या फाट्यावर उतरताना म्हणाली, "मंग मले काहून घालू दिला?"

तुझ्या अंगावर चांगला दिसला म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण खरं हे की मला सांगायला लाज वाटत होती. लाज त्यांना वाटायला हवी होती आणि ती मी सांभाळत बसले होते, इस्तरी करून, डांबराच्या गोळ्या टाकून.

आमू म्हणाली, जाळून टाक शर्ट. मी नाही म्हटलं. शर्ट जाळला तर ते म्हणतील, म्हातारी वेडी झाली. आणि पऱ्हाटीत बाया शर्ट घालतातच. त्यात शर्टाचा काय दोष. मी कात्री घेतली आणि बटणं कापली. समोरची सगळी, बाह्यांची, गळ्याचं सगळ्यात आधी. खिशावरचं अक्षर ठेवलं. कोणाचा शर्ट आहे हे दिसलं पाहिजे. बटणं चुलीत टाकली. घाण वास सुटला. आमूनं नाक दाबलं, मी दाबलं नाही.

दिवाळीनंतर शेवंतीच्या नातवाचं लग्न आहे. गावातच. मालकीणबाईंच्या घरचेही येतील. मी जांभळी साडी नेसणार, विरलेली आहे तशी. वरून हा शर्ट, उघडा. हातावर अत्तर मी घरूनच लावून जाणार, कोणाच्या काडीची वाट पाहणार नाही. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसणार. कोणाचं ताट उचलणार नाही, माझ्या पोराचंही नाही.

कोणी म्हणालं, बटणं लाव, तर लावायला बटणं नाहीत. कोणी म्हणालं, काढ, तर काढणार नाही. विचारलं कोणी, असा कसा वेश, तर बसवून सांगीन. ह्या अक्षरापासून सुरू करीन, आणि सगळ्यांसमोर सांगीन.