झेंडूच्या मापाने रंगवलेली खोली

मागच्या श्रावणात आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी पहिल्यांदाच कानबाई बसणार होती, म्हणून एक खोली नारिंगी रंगवायची ठरली. वाचताना हे एका दिवसाचे काम वाटते. मला सव्वीस दिवस लागले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईची स्थापना होते. कलशावरच्या नारळाला डोळे, नथ, साडी आणि दागिने घालून देवी सजवतात, सगळे भाऊबंद एका घरी जमून रोटाचा, म्हणजे देवीच्या पुरणपोळीच्या नैवेद्याचा, स्वयंपाक करतात आणि सोमवारी सकाळी देवीला वाजतगाजत पाण्यावर नेतात. त्याआधी घराला रंग देण्याची रीत आहे.

आमच्या कुटुंबात तीस वर्षे हा मान धुळ्याच्या थोरल्या वहिनींकडे होता. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, गुडघे कुरकुरू लागले, आणि मागच्या वर्षी त्यांनी फोनवर सांगितले, की यंदा जळगावला करून पाहू. ‘करून पाहू’ या दोन शब्दांवर माझ्या पत्नीने दोन दिवस विचार केला. ही परीक्षा आहे हे उघड होते. सगळे नीट पार पडले तर कानबाई आमच्याकडे राहणार होती. काही उणे दिसले, तर वहिनी गुडघ्यांना पट्टे बांधून पुढच्या वर्षी पुन्हा धुळ्यालाच रोट करणार आणि हा विषय आमच्या हयातीत पुन्हा निघणार नव्हता. पत्नीने धाकटी सून म्हणून तीस श्रावण धुळ्याच्या स्वयंपाकघरात पुरण वाटले होते. एकदा तरी देवी आपल्या हाताने, आपल्या घरात बसवावी, एवढीच तिची इच्छा होती.

देवीसाठी निवडलेली खोली उत्तरेकडची, अंधारी आणि पांढऱ्या भिंतींची होती. पत्नीने दारात उभे राहून ती एकदा पाहिली आणि मला विचारले, “देवीला दवाखान्यात बसवायचं का?” मग नारिंगी रंग द्यायचा, हे तिनेच ठरवले. कोणता नारिंगी, हे ठरवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. त्या घरातली माझ्या आवाक्यातली तेवढीच एक गोष्ट होती.

मी छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. निरीक्षण, नोंद, तुलना आणि निष्कर्ष या क्रमावर माझा विश्वास आहे. मी दुकानातून नऊ छटांचे छोटे डबे आणले, पुठ्ठ्याचे नऊ सारखे चौकोन कापले, ते रंगवले आणि मागे क्रमांक टाकले. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार या वेळांना, एकदा ट्यूबलाइट लावून आणि एकदा बंद करून, प्रत्येक चौकोन भिंतीला धरून पाहिला. निरीक्षणांचा तक्ता वहीत केला. तक्त्याला सहा स्तंभ होते. सहावा ‘इतरांचे मत’ असा होता आणि सगळा घोटाळा त्यानेच केला.

शेजारच्या गृहस्थांनी पहिल्या तीन छटा पाहून आवाज खाली आणला आणि मी कोणत्या पक्षाकडून उभा राहणार आहे, असे विचारले. रावेरकडे केळीची बाग असलेला माझा मेहुणा त्या आठवड्यात आला होता. तो घडाकडे नुसते पाहून घड किती दिवसांचा आहे ते सांगतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांवर माझी भिस्त होती. त्याने नऊ चौकोन अंगणात उन्हात मांडले, मागे सरकून पाहिले आणि सातव्यावर बोट ठेवले.

“भाऊजी, हा औषध मारून पिकवलेला दिसतो.”

उरलेल्यांपैकी चार त्याच्या मते कच्चे होते आणि दोन उतरलेले. मी त्याला आठवण करून दिली, की आपण भिंतीविषयी बोलत आहोत. तो म्हणाला, रंगाला ते माहीत नसतं.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की आपल्याकडे प्रमाण नाही. लांबी मोजायला पट्टी लागते, तसे रंग मोजायलाही एखादे ठरलेले माप हवे. मी पत्नीला विचारले, की तुझ्या मनातला नारिंगी नेमका कशासारखा आहे? ती त्या वेळी पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालत होती. गादी झटकता झटकता तिने सांगितले, की झेंडूसारखा असू द्या, पण आता देऊन टाका.

प्रमाण मिळाले, परंतु ते दुपारपर्यंतच टिकत असे. चार वाजता फूल कोमेजून तपकिरी पडे आणि माझी दुपारची निरीक्षणे सकाळच्या निरीक्षणांशी जुळत नसत. म्हणून मी रोज सकाळी स्कूटरवरून बाजारात जाऊन ताजे प्रमाण आणू लागलो. फुलवालीला वाटे, आमच्याकडे काही अनुष्ठान चालू आहे. कालची प्रमाणे पत्नी तुळशीच्या मातीत टाकी. अखेर तीन टवटवीत फुले ओल्या रुमालात गुंडाळून मी रंगाच्या दुकानात गेलो आणि नऊही छटा नाकारून त्या फुलाला जुळणारा रंग मशीनवर बनवून घेतला. झाकणावरच्या थेंबावर पाकळी ठेवली. पाकळी दिसेनाशी झाली. इतका समाधानकारक निष्कर्ष मला शाळेच्या प्रयोगशाळेतही क्वचित मिळाला असेल.

रंगारी पारोळ्याचे होते. लांबी, म्हणजे पुट्टी, घासून भिंती गुळगुळीत केल्यावर त्यांनी डबा उघडला, आत पाहिले आणि काठीने ढवळता ढवळता सौम्यपणे विचारले, की सर, हा चारही भिंतींना द्यायचा का? मी पुठ्ठ्याचे चौकोन आणि तक्ता दाखवला. त्यांनी तो आदराने शेवटपर्यंत वाचला.

“सगळं बरोबर आहे, सर. पण पुठ्ठ्याला चार भिंती नसतात.”

मी याचा अर्थ विचारायला हवा होता. वर्गात एखाद्या मुलाने असे काही म्हटले असते, तर मी त्याला पुढे बोलावून समजावून सांगायला लावले असते. इथे मी घड्याळाकडे पाहिले आणि पहिला हात सुरू करा, असे सांगितले.

दुसरा हात वाळल्यावर अर्थ कळला. समोरच्या भिंतीचा रंग या भिंतीवर पडत होता, या भिंतीचा त्या भिंतीवर, आणि चौघी मिळून एकमेकींना भडकवत होत्या. छत पांढरेच ठेवले होते, तेही पेटले. त्या खोलीत बसून प्यायलेले दूध चहासारखे दिसे आणि माणसे काविळीतून नुकती उठल्यासारखी. पत्नीने दारातून पाहिले आणि छान आहे, असे सांगितले. लवकर खाली बसता यावे म्हणून विद्यार्थी ज्या स्वरात उत्तर देतो, तो स्वर मी ओळखतो. रविवार तीन दिवसांवर आला होता. पुन्हा रंगवणे शक्य नव्हते.

रविवारी सकाळी धुळ्याची मंडळी आली. वहिनींनी देवीसाठी साडी आणली होती; ती केशरी होती. फुलांच्या माळा अर्थातच झेंडूच्या होत्या. पत्नीने स्वतःच्या हाताने कलश मांडला, नारळाला डोळे लावले, साडी नेसवली, माळा घातल्या आणि ती बाजूला झाली. सगळे दारात गोळा झाले. भिंत, माळा आणि साडी एक झाल्या होत्या. हवेत दोन डोळे आणि एक नथ तेवढी दिसत होती.

वहिनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“कानबाई कोठे शे वं? भितमा गई का?”

देवी भिंतीत गेली का, हा प्रश्न ऐकून दारातली सगळी मंडळी हसली. पत्नी हसली नाही. ती देवीकडे पाहत उभी होती आणि पदराचे टोक तिने मुठीत धरले होते. तीस वर्षांचे तिचे पुरण त्या क्षणी माझ्या तक्त्यामुळे वाया चालले होते. म्हणून मी पुढे होऊन सगळी हकीकत सांगितली: नऊ चौकोन, सहा स्तंभ, रोजचे ताजे प्रमाण, पाकळीची परीक्षा. चूक माझी आहे, हिचा यात काही संबंध नाही, असे शेवटी स्पष्ट केले. माझी अपेक्षा होती, की यामुळे गांभीर्य येईल. वहिनी भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तेवढ्यात पत्नीने मूठ सोडली आणि रावेरहून आलेल्या भावाला हाक मारली. त्याने मंडपासाठी केळीचे दोन खांब आणले होते. तिने त्यांची पाने कापून घेतली, देवीच्या मागे उभी लावली, एक काढून पुन्हा तिरपे लावले. हिरव्यावर केशरी साडी उठली आणि चेहरा खोलीत पुढे आला. वहिनींनी हसू आवरले. त्या जवळ गेल्या, जावेने लावलेले एक पान किंचित सरळ केले आणि मग, कुणी न सांगता, तिच्या हातात आरतीचे ताट दिले. धुळ्याला ते ताट त्या स्वतःच धरत असत.

सोमवारी देवी तलावावर पोचवून आम्ही परतलो. वहिनी रिकाम्या खोलीत पाय लांब करून बसल्या आणि जावेला म्हणाल्या, “पुढला साले बी आठेच बठाड कानबाईले. मनावरी आते चढउतर व्हत नही.” पुढच्या वर्षीही देवी इथेच बसवायची होती; आणि आता जिने चढणे-उतरणे होत नाही, हे त्यांनी आमच्या देखत प्रथमच कबूल केले होते. पत्नी हो म्हणाली आणि घाईने चहा करायला गेली. आत दोन कप खाली पडल्याचा आवाज आला; ती भांडी कधी पाडत नाही.

पाहुणे गेल्यावर मी सुचवले, की पुढच्या वर्षीपर्यंत सवड आहे, भिंतींचा पुनर्विचार करता येईल.

“काही नको,” पत्नी म्हणाली. “त्या हो म्हणाल्या ती हीच खोली. हिला आता हात लावायचा नाही.”

त्यामुळे ती खोली अजून तशीच आहे. दुपारी मी तिथे आडवा होतो. डोळे मिटले तरी नारिंगीच दिसते.