कानिफनाथाला वकील मिळाला

तिसगावचा कानिफनाथ लवांडे लढाईच्या काळात नगर-पाथर्डी रस्त्यावर प्रवासी मोटार चालवायचा. पेट्रोल रेशनवर गेलं होतं, म्हणून मालक काकासाहेबांनी आपल्या मोटारींना मागच्या बाजूला लोखंडी भट्ट्या बसवून घेतल्या होत्या. भट्टीत लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात सोडायचा आणि त्यावर गाडी पळवायची. पळायची ती सपाटीला. करंजीचा घाट आला की निम्मी माणसं खाली उतरून चालायची, आणि जरा धडधाकट असलेली मागून ढकलायची.

तरीही या गाडीवर कानिफनाथाचा जीव होता. त्याचा बाप बैलगाडी हाकायचा. कानिफनाथ पोरवयात नगरला गेला, छावणीच्या बाजूला एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात पाने-पकडी देत राहिला आणि बघता बघता ड्रायव्हर झाला. तिसगावात त्याच्याआधी कोणी ड्रायव्हर नव्हता. स्टँडवर गाडी थांबली की म्हातारी माणसं त्याला कौतुकानं विचारत, "कानिफ, आज घाट चढंल का रं?" आणि तो म्हणे, "चढवू की."

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एकदा पाथर्डीहून नगरकडं येताना गाडी घाटात अडली. कोळसा ओला होता. भट्टीत त्याचे तुकडे एकमेकांत अडकून वर लटकले, खाली जाळ पोहोचेना आणि इंजिन धापा टाकून बंद पडलं. क्लीनर तापानं घरी होता. कानिफनाथ स्वतःच मागच्या शिडीवर चढला, भट्टीचं झाकण उघडलं आणि सळईनं कोळसा ढोसायला वाकला. आतल्या गॅसला वारा लागताच जाळाचा लोळ वर आला.

नगरच्या दवाखान्यात त्याला शुद्ध आली तेव्हा तोंडाला, हातांना पट्ट्या होत्या. हात हळूहळू बरे झाले. डावा डोळा मात्र गेला. एका डोळ्याच्या माणसाला मोटार चालवायचा परवाना मिळत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात ते दोनदा येऊन गेले, औषधाचं बघितलं, काही महिने घरी धान्य पाठवलं. मग धान्य थांबलं. कानिफनाथाची बायको राहीबाई त्यांच्या हपिसात गेली तेव्हा ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "बाई, मी विमा कंपनीला लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, चूक कानिफनाथाची आहे. झाकण उघडायला मनाई होती. आता माझ्या हातात काही नाही."

राहीबाईला विमा म्हणजे काय ते कळलं नाही. पण दवाखान्यात शेजारच्या खाटेवर रेल्वेतला पुंजाराम नावाचा एक गँगमन होता. पाय रुळात सापडला होता त्याचा. त्याचं बोलणं तिला आठवलं. तो म्हणाला होता, "कामावर इजा झाली तर भरपाईचा कायदा हाय, वहिनी. वर्साच्या आत अर्ज करावा लागतो. पर त्याला वकील पायजे."

दिवाळी झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "आपन वकील बघू."

कानिफनाथ ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसलेला असायचा. मोटारीचा आवाज आला की घरात जायचा. तो म्हणाला, "ज्याचं मीठ खाल्लं त्याला कोर्टात खेचायचं?"

"मीठ खाल्लं, पर डोळा तर न्हाई ना इकला त्यास्नी," राहीबाई म्हणाली. "नुसतं इचारून तर बघू."

दोघं नगरला गेली. कोर्टासमोर ज्या वकिलांच्या दारात सगळ्यात जास्त जोडे होते, तिथं राहीबाई आधी शिरली. वकीलसाहेबांनी नीट ऐकून घेतलं, मालकाचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"काकासाहेबांची कामं माझ्याकडंच असतात. दोन्ही बाजूंना एकच वकील उभा राहू शकत नाही, बाई."

"मग आमच्या बाजूला कोन ऱ्हानार?"

त्यांनी थोडा विचार केला. "शोधा. मिळेल कोणीतरी," म्हणाले. पण नाव काही सांगितलं नाही.

आवारात काळा कोट घातलेला एक इसम पुढं झाला. तो वकील नव्हता, वकिलांना गिऱ्हाईकं आणून देणारा होता. त्याला सगळं पाठ होतं. असे खटले आपण डोळे मिटून जिंकतो, इथं अंगठा करा, जे येईल त्यातलं अर्धं आमचं, बाकी काळजी सोडा. कानिफनाथ अंगठा पुढं करायला निघाला होता. राहीबाईनं त्याचा हात धरला. "ह्यात काय लिव्हलंय ते वाचून दावा," ती म्हणाली. तो इसम चिडला, "तुम्हाला वाचून काय कळणार?" म्हणाला, आणि दुसऱ्या माणसांमागं गेला.

दुपारी दोघं लिंबाच्या सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसली. शेजारी शेवगावकडची आक्काबाई नावाची एक म्हातारी बसली होती. भावकीशी बांधावरून तिचा दावा चालू होता. राहीबाईनं तिला पाण्याचा तांब्या दिला, तशा गोष्टी निघाल्या.

"माझा वकील बघा," आक्काबाई म्हणाली. "निसळ म्हनून हायेत, हितंच नगरात, नालेगावात. बेचाळीसला चळवळीपायी तुरुंगात गेल्ते, तवा त्येंच्याकडं दावे देनारी मानसं दुसरीकडं पांगली. लई हुशार हायेत का, ते मला म्हाईत न्हाई. पर तारखेला हजर आसत्यात, आन काय झालं ते समजल असं सांगत्यात."

शामकांत निसळांची खोली एका भांड्यांच्या दुकानावर होती. जिना काळोखा. वरून त्यांच्या पत्नी नीलांबरीबाईंनी कंदील दाखवला आणि "त्या तिसऱ्या पायरीला सांभाळा," असं सांगितलं. वकील पन्नाशीचे, अंगानं किरकोळ, खादीचा सदरा. बाहेर भांडी ठोकल्याचा आवाज चालू होता, म्हणून ते खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले.

त्यांनी कानिफनाथाला सगळं सांगायला लावलं. मग पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं. कोळसा ओला होता हे कशावरून? क्लीनर नव्हता हे मालकाला ठाऊक होतं का? गाडी घाटात अडली की एरवी काय करायचात? कानिफनाथ महिनोन्महिने इतकं बोलला नव्हता. बोलता बोलता तो हातानं सळई धरल्यासारखं करून दाखवू लागला.

सगळं झाल्यावर निसळ म्हणाले, "आता माझं ऐका. असा दावा मी आजवर चालवलेला नाही. माझं आयुष्य बांधाच्या आणि वाटणीच्या कामात गेलं. कायदा आहे एवढं मला माहीत आहे. बाकी मला पुण्याला जाऊन वाचावं लागेल, कोणी जाणता असेल त्याला विचारावं लागेल. दुसरा कोणी मिळाला तर अवश्य त्याच्याकडे जा. मला वाईट वाटणार नाही."

"फी?" राहीबाईनं विचारलं.

"आधी काम होतंय का ते बघू. अर्जाच्या तिकिटापुरतं तेवढं आणा."

खाली उतरल्यावर कानिफनाथ म्हणाला, "ज्याला येत न्हाई त्याच्याकडं काम कसं द्यायचं?"

"तुमाला तरी मोटार आईच्या पोटातनं येत हुती का?" राहीबाई म्हणाली. "आज भेटले त्यांच्यात सगळं येनारे बी हुते. त्यातल्या कुनी इचारलं का, कोळसा वला हुता का वाळल्याला? ह्यांनी इचारलं. मला हेच वकील पायजेत."

पंधरवड्यानं निसळ पुण्याहून परतले आणि त्यांनी निरोप धाडला. दोघं गेली तेव्हा टेबलावर जाड पुस्तक होतं, त्यात जागोजागी कागदाचे कपटे. पण निसळांनी पुस्तकाला हात न लावता कानिफनाथाकडं बघून सुरुवात केली.

"तुमच्या मनातली अडचण मला राहीबाईंनी मागच्या खेपेला जाता जाता सांगितली. मालकाला कोर्टात ओढायचं कसं, हीच ना? मग हे समजून घ्या. काकासाहेबांनी गाडीवरच्या नोकरांसाठी विमा उतरवला आहे. त्याचे हप्ते ते वर्षानुवर्षं कंपनीकडे भरत आले. कशासाठी? उद्या नोकराला इजा झाली तर कंपनीनं भरपाई द्यावी म्हणून. अर्जात नाव मालकाचं येईल, पण त्यांनी जे तुमच्यासाठी भरलं तेच आपण मागतो आहोत."

कानिफनाथानं टेबलावरच्या पुस्तकाकडं पाहिलं. मग म्हणाला, "हे काकासाहेबांच्या तोंडावर सांगता?"

"चला," निसळ म्हणाले, आणि त्यांनी टोपी घातली.

काकासाहेब आपल्या हपिसात होते. कानिफनाथ दारात थांबला. अपघातानंतर त्यानं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. काकासाहेबांनी त्याच्या तोंडावरचे भाजल्याचे व्रण पाहिले आणि त्याला बसायला सांगितलं. निसळांनी सगळं समजावलं. काकासाहेब म्हणाले, "कंपनीनं मला कळवलंय, कोणापाशी काही कबूल करू नका. कबूल केलं तर सगळं माझ्याच अंगावर येईल म्हणतात."

"कबूल काही करू नका," निसळ म्हणाले. "कोर्टात विचारतील तेवढं खरं सांगा. खरं सांगितल्यानं विमा बुडत नाही. पाहिजे तर तुमच्या वकिलांना विचारा."

काकासाहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. निघताना मात्र त्यांनी कानिफनाथाला विचारलं, "चहा घेतलास का रे?"

अर्ज मुदतीत दाखल झाला. पुढच्या पावसाळ्यात, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरसाहेबांपुढं सुनावणी लागली. कंपनीतर्फे मुंबईचे वकील आले होते. त्यांचा मुद्दा एकच होता. ड्रायव्हरच्या बैठकीपाशी एक पत्र्याची पाटी होती. चालू भट्टीचं झाकण उघडू नये, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. हुकूम मोडून माणूस भाजला, तर भरपाई कसली?

"पाटी होती की नाही?" त्यांनी कानिफनाथाला विचारलं.

"व्हती."

"तुम्ही रोज बघत होता?"

"रोज पुसत बी हुतो. वाचता येत न्हाई, साहेब."

"मग झाकण उघडायला कोणी सांगितलं?"

कानिफनाथानं काकासाहेबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "गाडी घाटात हुती. मानसं उन्हात हुती," एवढंच म्हणाला. निसळांनी त्याला आणखी काही विचारलं नाही. त्यांनी काकासाहेबांना साक्षीला बोलावलं.

काकासाहेब पिंजऱ्यात उभे राहिले. निसळांनी विचारलं, "ती पाटी कानिफनाथाला कोणी वाचून दाखवली होती का?"

"नाही. भट्टीबरोबर आली, तशी लावली."

"घाटात गाडी अडली तर ड्रायव्हरनं काय करावं, असं तुमचं सांगणं होतं?"

काकासाहेबांनी आपल्या वकिलांकडं पाहिलं. वकील खाली बघत होते. मग काकासाहेब स्पष्ट म्हणाले, "झाकण उघडून कोळसा ढोसा आणि गाडी वर आणा. मीच सांगत होतो, सगळ्याच ड्रायव्हरांना. कोळसा ओला यायचा. दुसरा इलाज नव्हता."

मुंबईच्या वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. काकासाहेब तेच सांगत राहिले.

निकाल कानिफनाथाच्या बाजूनं लागला. ज्या मनाईची पाटी कोणी वाचून दाखवली नाही आणि मालकच जिच्या उलट सांगत होता, ती मनाई नोकराला दिली असं म्हणता येत नाही, असं कमिशनरसाहेबांनी लिहिलं. मागितलं होतं तेवढं सगळं मिळालं नाही. कायद्यात एका डोळ्याचं जे माप ठरलं होतं त्याप्रमाणं विमा कंपनीकडून मिळालं. तरी निसळांनी निकाल मराठीत सांगितला तेव्हा राहीबाई कोर्टाच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. कानिफनाथाला काय करावं ते सुचेना. तो काकासाहेबांजवळ जाऊन हात जोडून उभा राहिला. "असू दे, असू दे," म्हणत काकासाहेब घाईनं निघून गेले.

त्या पैशातून कानिफनाथानं तिसगावात पिठाची गिरणी घातली. तेलावर चालणारं जुनं इंजिन आणलं, खोलून, साफ करून स्वतःच जोडलं. सुरुवातीला तो एका डोळ्यानं अंतर चुकायचा, पट्टा चढवताना हात भलतीकडं जायचा. मग बोटांनाच अंदाज आला. राहीबाई दळणं घ्यायची, आणि वर्षभरात इंजिन सुरू करायलाही शिकली. मोटारीच्या आवाजाला आत जाणारा कानिफनाथ आता गिरणीच्या दारात उभा राहून जाणाऱ्या ड्रायव्हरांना हात करायचा.

सत्तेचाळीस साली खडीच्या खाणीवरचा सूर्यभान नावाचा एक माणूस गिरणीपाशी आला. मशीनमध्ये त्याची बोटं गेली होती. ठेकेदार म्हणत होता, तुझीच चूक. सूर्यभाननं लांबूनच विचारलं, "तुमीच का ते वकील ठावं आसनारे?"

कानिफनाथानं त्याला आत बसवलं. बोटं कशी गेली ते सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी गिरणी राहीबाईवर सोपवून तो सूर्यभानबरोबर सकाळच्या मोटारीत चढला. वाटेत सूर्यभान म्हणाला, "मला कोर्टाचं लई भ्या वाटतं. तितं काय बोलायचं?"

"आज कोर्टात जायाचं न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "आज नुसतं नालेगावात जायाचं. वकीलसाहेब इचारतील, आन झालं ते तू सांगायचं. घाई करू नगंस. त्येंना येळ असतो."