लेकासाठी पाहिलेली दोन स्थळं

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक साहेब जुन्नरला आमच्या घरी आले. पांढरी विजार, पांढरा सदरा, काखेत पुठ्ठ्याचं खोकं. एका नावाजलेल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला ते शिकवत. आमच्या गल्लीत असला माणूस कधी आला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मागोमाग निम्मी गल्ली दारापर्यंत आली.

अब्बा तेव्हा हौदावर होते. आमचं घराणं कागद करणारं. चिंध्या आणि रद्दी कुटून केलेला लगदा हौदात सोडायचा, हौदाला लागून असलेल्या खड्ड्यात उभं राहायचं आणि गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव पाण्यातून उचलायचा. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसत चालला होता, तरी अब्बा हातातला ताव पुरा केल्याशिवाय कुणासाठीही वर येत नसत. साहेबांसाठीही आले नाहीत. ताव भिंतीवर चिकटवला, हात धुतले आणि मग ओट्यावर येऊन बसले.

साहेबांनी मला पुण्यात पाहिलं होतं. आमच्या शाळेला पलटणीतून परत आलेले एक ड्रिल मास्तर लाभले होते. त्यांनीच जुन्नरला फुटबॉल आणला. शिवनेरीच्या पायथ्याच्या उतरणीवर आम्ही अनवाणी खेळायचो. चेंडू एकदा खाली सुटला की पार ओढ्यापर्यंत जायचा, म्हणून तो पायाशी धरून ठेवायची सवय आम्हाला आपोआप लागली. मी डावखुरा, म्हणून डाव्या कडेला. पुण्याच्या शाळांच्या सामन्यांत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो, पण दोन कॉलेजांच्या माणसांच्या नजरेत मी भरलो. त्यातले एक हे साहेब. दुसरे रसायनशास्त्राचे प्रोफेसर होते, एका नव्याच निघालेल्या कॉलेजचे. त्यांनी मैदानातच मला गाठून एवढंच म्हटलं होतं, "आमचा डाव्या कडेचा मुलगा यंदा शिकून बाहेर पडला. जागा मोकळी आहे. आलास तर बरं होईल."

साहेबांचं बोलणं निराळं. फी माफ, वसतिगृहात खोली, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा बनियन. त्यांनी खोकं उघडलं. आत बूट होते. खरेखुरे फुटबॉलचे बूट, तळाला चामड्याचे ठोकळे ठोकलेले. माझा जीव त्या बुटांतच अडकला.

"राहू देत याच्याकडे," साहेब म्हणाले. "सवय होऊ दे."

अब्बांनी बूट उलटेपालटे करून पाहिले. "राहू द्या," ते म्हणाले. "पन दिले असं समजू नका. ठेवले असं समजा."

साहेब हसले. "तुमचा विचार काय आहे?"

उत्तर आतून आलं. अम्मा दाराआड उभी होती. ती आंबेगाव तालुक्यातली, घोड नदीकाठच्या गावची. अब्बा आमच्याशी दखनी बोलत, पण अम्माची मराठी माहेरची, रांगडी, आणि तिच्याशी बोलताना अब्बाही मराठीवरच येत. ती म्हणाली, "लेक द्यायची झाली तर आपन आदी घर पाह्यला जातो. लेकाचं का न्हाई? आमी दोगं येऊन पाहू, मंग सांगू."

दारातली मंडळी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अब्बा गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय."

असे जूनच्या सुरुवातीला आम्ही तिघं एसटीनं पुण्याला गेलो. अम्मानं त्याआधी पुणं पाहिलं नव्हतं. दोन्ही कॉलेजं एकाच मैदानावर सराव करत, आणि त्या दिवशी त्यांची आपसात मैत्रीची लढत होती. ड्रिल मास्तरांनी दोघांना आधीच कळवलं होतं. एक अर्धा वेळ मी साहेबांच्या संघाकडून खेळायचं, दुसरा प्रोफेसरांच्या, असं ठरलं. दोघांनी आनंदानं मान्य केलं. कदाचित त्यांना गंमतही वाटली असेल.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली अम्मा अंगावर चादर लपेटून बसली. अब्बा उभेच राहिले. त्या दोघांनी माझा खेळ त्याआधी कधी पाहिला नव्हता. शाळेच्या सामन्यांच्या वेळी अब्बा हौदावर आणि अम्मा दगडानं कागद घोटून गुळगुळीत करायला बसलेली असे.

पहिल्या अर्ध्या वेळात मी नवे बूट घालून उतरलो. घरी पंधरवडाभर घालून हिंडलो होतो, तरी पळताना पाय माझे नाहीतच असं वाटायचं. साहेबांचा संघ मात्र सुरेख खेळत होता. चेंडू एकाच्या पायातून निघायचा तेव्हा दुसरा जागेवर पोचलेला असायचा. मी तेवढा प्रत्येक वेळी उशिरा. साहेब बाहेरून ओरडत होते, "अरे, झोपलास का? हे जुन्नर नव्हे!"

दुसऱ्या अर्ध्या वेळात मी निळा बनियन चढवला. प्रोफेसरांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "चावतात का?"

"हो, सर."

"मग काढ की."

मी अनवाणी उतरलो आणि मला माझे पाय परत मिळाले. निळा संघ सामान्य होता, पण चेंडू मिळाला की पोरं डावीकडे बघत, मी आहे का ते. दोनदा मी कडेनं थेट कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिसऱ्या वेळी साहेबांच्या बचावातल्या एका धिप्पाड गड्याचा बूट माझ्या बोटांवर पडला आणि मी लोळलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खेळ थांबला. प्रोफेसर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. आणि बाभळीखालून अम्माचा आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"ऊठ रं! येवढ्यानं काय व्हतंय! ऊठ!"

बाकीचे एकवीस जण हसायला लागले. मीही हसलो, आणि उठलो. लंगडत लंगडत त्यानंतर जो चेंडू मी मध्ये टाकला त्यावर आमच्या गड्यानं गोल केला. तरी निळा संघ हरलाच.

परतीच्या एसटीत मी सुजलेला पाय समोरच्या बाकावर ठेवून बसलो होतो. माझं मन ठरलेलं होतं. एवढा भारी संघ, ते बूट, तो बनियन. अब्बांनी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं.

मला वाटत होतं, अम्मा साहेबांच्या ओरडण्यावर रागावली असेल. पण ती म्हणाली, "मलाबी त्योच संघ बरा वाटला. त्या पोरांच्या अंगावर मांस हाय. खानावळ चांगली असनार. निळ्या बनेनीतली पोरं निसती काडं हायेत."

"आणि साहेब ओरडत होते ते?"

"वरडंना का! तुझा बाप काय कमी वरडतो?"

अब्बा खिडकीबाहेर बघत होते. चाकण गेलं, खेड गेलं. मग ते अम्माकडे वळून म्हणाले, "पोराचा खेळ कसा वाटला?"

"लई ग्वाड. मला न्हवतं ठाव आपलं पोर असं पळतं."

"परत पाह्यचाय?"

"पाह्यचाय म्हंजे? दर साली जाऊ."

"मंग ऐक. मोठ्या संघाच्या बाकावर तू ध्यान दिलं न्हाईस. मी दिलं. तिथं दोन पोरं बसून व्हती, दोगंबी डावखुरी. सराव करताना मी पाह्यली, दोगंबी चांगली खेळत्यात. पन येळ संपला तरी त्यांना कुनी उठवलं न्हाई. आपला ह्यो तिसरा. बाकावर बसायला पुन्याला कशापायी जायाचं? वटा घरीच हाय की."

मी तावातावानं म्हणालो, "मी त्यांच्यापेक्षा चांगला खेळेन. माझी जागा मिळवेन."

"मिळवशील," अब्बा म्हणाले. "दोन सालांनी, तीन सालांनी. न्हाई म्हनत न्हाई मी. पन पानी अंगावर घेतल्याबिगर हात बसत न्हाई, बेटा. मला माझ्या बापानं पैल्या दिशीच हौदात उतरवलं व्हतं. कडंला बसून बघत राह्यलो असतो, तर आजबी बघतच बसलो असतो."

एवढं बोलून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. प्रोफेसरांकडेच जा, असं म्हणाले नाहीत. मला त्यांचा त्या क्षणी फार राग आला, कारण बोलण्यात खोट काढता येत नव्हती. मंचर मागे पडलं, घोड नदीचा पूल आला. एरवी पूल आला की अम्मा माहेरच्या दिशेला मान वळवून बघायची. त्या दिवशी तिनं बघितलंच नाही. नारायणगाव आल्यावर ती एकदम म्हणाली, "खानावळीचं मी बघते."

तिचं मत फिरलं होतं. माझं फिरायला आणखी आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी रोज उतरणीवर जाऊन एकटाच चेंडू मारत बसायचो, आणि प्रत्येक वेळी मला ते बाकावरचे दोघे आठवायचे. खेळ संपल्यावर त्यांनी बनियन काढले, तेव्हा ते कोरडे होते. शेवटी एका सकाळी मी हौदापाशी जाऊन अब्बांना म्हटलं, "प्रोफेसरांकडे जातो."

त्यांनी ताव उचलला, भिंतीवर लावला आणि म्हणाले, "मग आधी बूट पोचवायचे."

मी सुचवलं की एसटीच्या कंडक्टरकडे खोकं दिलं तरी चालेल. अब्बा म्हणाले, "होकार कुणाच्याही हाती धाडावा. नकार आपण जाऊन द्यावा." हे ते दखनीत म्हणाले होते. मराठीत आणताना त्यातला खणखणीतपणा जरा कमी होतो.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. जिमखान्याच्या व्हरांड्यात साहेब बसले होते. अब्बांनी खोकं दोन्ही हातांनी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बूट त्यांनी स्वतः तेल लावून पुसले होते.

"साहेब, तुमी आमच्या दारी आला, लई मान दिला. पन पोरगं दुसरीकडं जातंय."

साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या संघात? तिथं कोण ओळखणार तुला? पस्तावशील बघ."

मी खाली बघितलं. अब्बा पुढे झाले. ते ठेंगणे होते, आणि बरीच वर्षं पाण्यात उभं राहिल्यानं किंचित वाकलेले. आवाज न चढवता ते म्हणाले, "पस्तावला तर मला बोल लावंल, साहेब. बापाला तेवडं चालतं."

साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी अब्बांना नमस्कार केला. मी खूप मोठमोठी माणसं पुढे पाहिली, पण त्या व्हरांड्यातल्या अब्बांसारखा ताठ माणूस मला फारसा भेटला नाही.

चार वर्षं मी निळ्या बनियनमध्ये खेळलो. एकही सामना बाहेर बसलो नाही. प्रोफेसर आमच्यासारख्यांना सकाळी मैदानावर आणि दुपारी प्रयोगशाळेत पळवायचे. तास चुकवला तर सामन्यातून नाव काढायचे, आणि हरलो तर आमच्याबरोबर पायरीवर बसून शेंगा खायचे. अम्मानं खानावळीचं खरोखरच बघितलं. जुन्नरहून सकाळच्या गाडीनं बाजरीच्या भाकऱ्या, खरडा आणि कधीकधी सुक्क्या मटणाचा डबा यायचा. पहिला डबा आल्यावर पोरांनी तो माझ्याआधीच संपवला. हे कळल्यावर ती संतापण्याऐवजी मोठा डबा पाठवायला लागली. "काडं जरा भरू द्यात," म्हणाली.

साहेबांच्या संघाला आम्ही कधीच हरवू शकलो नाही. एकदा बरोबरी झाली, तेवढीच. पण तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात डाव्या कडेला माझी निवड झाली. मी परगावी खेळून आलो तोवर अब्बांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि अम्मानं सांगायचं कुणाला ठेवलं नव्हतं.

ती दोघं बोलल्याप्रमाणे दरवर्षी एक सामना बघायला येत. शेवटच्या वर्षी आली तेव्हाची गोष्ट मला अम्माकडून कळली. मैदानाकडेला कोट-टोपीतले एक गृहस्थ अब्बांशेजारी उभे होते. मी चेंडू घेऊन पळालो तेव्हा ते म्हणाले, "हा डावीकडचा मुलगा कुठला हो? काय पळतो!"

अब्बा म्हणाले, "जुन्नरचा."

"तुम्ही ओळखता?"

माझे वडील अनोळखी माणसाशी फारसं बोलत नसत. शहरात तर मुळीच नाही. पण अम्मा सांगायची की त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, तिला हाताला धरून पुढे आणलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ही त्याची आई. मी त्याचा बाप."