बाईंचा नियम

बाळांनो, आमच्या शेजारच्या बाई नवरा-बायकोची भांडणं मिटवतात. समोरच्याचं म्हणणं आधी त्यालाच ऐकवायचं, मगच आपलं बोलायचं, हा त्यांचा नियम. भाजीवाल्यालाही त्या "म्हणजे तुमचं म्हणणं, मेथी ताजी आहे," असं ऐकवतात. दुष्काळात टँकर आधी कुणाच्या गल्लीत, यावरून हिंदू-मुसलमान हातघाईवर आले, तेव्हा बाईंनी दोन्हीकडच्यांना अंगणात समोरासमोर बसवलं. तासभर सगळ्यांनी नियम पाळला. हट्ट कुणी सोडेना.

शेवटी पलीकडच्या गल्लीतले चाचा म्हणाले, "बाई, तुमच्या बोअरला तर लई पाणी हाय."

आमच्या गल्लीतले अण्णा लगेच म्हणाले, "चाचांचं म्हणणं, बाईंच्या बोअरला लई पाणी हाय. माझंबी तेच."

मग नियमाप्रमाणे बाईंनी ते वाक्य हळूच म्हटलं आणि पाइप आणायला आत गेल्या.