ब्रेकबाईंच्या पोटातला पीळ

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाईंचा पाय कायम त्यावर आणि तोंड त्याहून जोरात. "आरशात भांग बघायचा नसतो, मागची गाडी बघायची असते!" हे वाक्य अख्ख्या रस्त्याला पाठ होतं. पण बाईंच्या गाडीला कधी साधा ओरखडा पडला नव्हता.

त्यांचा सगळ्यात घाबरट विद्यार्थी म्हणजे मोठ्या दवाखान्यातले सर्जन. माणसाचं पोट उघडून परत शिवणारा हा गृहस्थ चौक आला की हातपाय गाळायचा. समोर सायकल दिसली की चक्क डोळे मिटायचा.

"अहो डॉक्टर, ऑपरेशनही डोळे मिटूनच करता का?"

"तिथे समोरून कुणी येत नाही हो बाई."

त्या दिवशी सकाळपासून बाईंच्या पोटात उजवीकडे खाली दुखत होतं. घरी त्या काही बोलल्या नाहीत. पण डॉक्टरांनी गतिरोधकावरून गाडी अशी उडवली, की बाईंच्या तोंडून शिव्यांऐवजी नुसतं "आई गं" निघालं. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. बाईंना नीट बसताही येत नव्हतं, मग चालवणार काय!

"दवाखान्यात जाऊ," डॉक्टर म्हणाले. "मी चालवतो."

"तुम्ही? मग दुखण्याने मरायच्या आधी तुमच्या गाडीनेच मरेन मी!"

पण दुसरा इलाज नव्हता. डॉक्टर दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत, घामाने निथळत निघाले. बाईंनी एक हात पोटावर धरला होता आणि आयुष्यात प्रथमच ब्रेकवर पाय ठेवला नव्हता. गाडी दवाखान्याच्या दारात लागली तेव्हा एक चाक फुटपाथवर होतं.

बाईंचे यजमान दुकान तसंच सोडून धावत आले. त्यांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. घाबरले की ते समोर दिसेल त्या कापडाची घडी घालत. आल्या आल्या त्यांनी बाईंच्या अंगावरची चादर काढून घडी घालून ठेवली.

"अहो, थंडी वाजतेय मला!"

पाठोपाठ बाईंची थोरली बहीण, ताई, आली ती मुक्कामाची पिशवी घेऊनच. "अपेंडिक्स! मला अस्संच झालं होतं. आता कापणार तुला." तिला स्वतःच्या ऑपरेशनचं फार कौतुक होतं. तपासायला आलेल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी तपासायला रक्त घेतलं आणि काही खाऊपिऊ नका, असं बजावलं.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर पांढरा कोट चढवून आत आले. बाई बघतच राहिल्या. चौकात हातपाय गाळणारा माणूस इथे अगदी स्थिर होता.

"दुखतं ती जागा एका बोटाने दाखवा."

बाईंनी नेमकं बोट ठेवलं.

"उलटी? ताप?"

"नाही."

"भूक?"

"सडकून लागलीये! तुमची माणसं खाऊ देतील तर ना."

डॉक्टर हसले. "अपेंडिक्स सुजलं की सहसा अन्न नको वाटतं. रक्तही ठीक आहे. स्कॅन काढू, मग ठरवू."

"आणि तोवर फुटलं म्हणजे?" ताई कडाडली.

"म्हणून तर स्कॅन आत्ताच काढतोय."

बाईंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, वाईट काही नाही ना?" असा आवाज त्यांच्या यजमानांनीही कधी ऐकला नव्हता. त्यांनी चादर उलगडून परत बाईंच्या अंगावर घातली.

स्कॅन बघून डॉक्टर परतले ते खुशीत. "अपेंडिक्स छान आहे. मोठ्या आतड्याला बाहेरून चरबीचे छोटे छोटे गोंडे लटकलेले असतात, पडद्याच्या झालरीला असतात ना, तसे. त्यातला एक पिळला गेलाय. त्याचं रक्त अडलं, म्हणून तो सुजलाय. एरवी हे जास्त करून डावीकडे होतं, उजवीकडे क्वचित. म्हणून सगळ्यांना अपेंडिक्स वाटतं."

"चरबी म्हणजे... मी जाड झालेय म्हणून?"

"हे गोंडे सगळ्यांना असतात. मलाही आहेत."

"मग टाका कापून."

"कशाला? आपोआप सुकेल तो. आठवडाभर सूज उतरायच्या गोळ्या, त्या जेवणानंतर घ्यायच्या, आणि आराम. ताप आला, उलट्या झाल्या किंवा दुखणं वाढलं, तर मात्र लगेच यायचं."

"म्हणजे टाकेसुद्धा नाहीत?" ताईचा चेहरा पडला. तिने पिशवीतून टॉवेल काढून बाईंचं तोंड पुसलं, म्हणजे पिशवी अगदीच फुकट जायला नको.

आठवडा बाईंनी घरी तळमळत काढला, पण खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांना शिकवणं चालूच होतं. दुखणं हळूहळू ओसरलं. आजाराचं लांबलचक डॉक्टरी नाव बाईंना काही बोलता येईना, म्हणून बघायला येणाऱ्यांना त्या सरळ सांगत, "गोंडा पिळला होता." लोक आधी खिडकीच्या पडद्याकडे बघत.

डॉक्टरांना परवाना मिळाला तो तिसऱ्या परीक्षेत. त्या दिवशी बाई मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभ्या होत्या. गाडी नीट मागे येऊन दोन खांबांच्या मधे थांबली तेव्हा त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या परीक्षकानेच दचकून जादा ब्रेक दाबला.