पेटी पुन्हा उलटी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असल्या गोष्टींना मला वेळही नसतो. तरी लिहितेय, कारण हे प्रकरण अजून मनात खुपतंय… आणि घरात सांगितलं की सगळे गालातल्या गालात हसतात.

मी भूवैज्ञानिक. राहायला पेणला. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीने रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, बंद पडलेल्या भातगिरणीचं गोदाम भाड्याने घेतलं होतं. समुद्रतळाखालून काढलेल्या खडकाचे लांब दांडे तुकडे करून तिथे पेट्यांत ठेवायचे. तुकडे करतानाच रिगवरची, म्हणजे समुद्रात तेलाची विहीर खोदणाऱ्या फलाटावरची, माणसं प्रत्येकावर रंगाने बाण काढतात — हे टोक वर. पुढे आम्ही त्या बाणांच्या भरवशावर खडक वाचतो.

तेव्हा खोदत असलेल्या तेलविहिरीत वाळूचा खडक लागला होता. अशा खडकात वाळूच्या कणांमधल्या फटींत तेल साठतं. पण माझ्या वाचनाप्रमाणे वाळूचे दोनच पातळ थर होते आणि मध्ये चिखलाचा पट्टा. म्हणजे तेल काढणं परवडणार नाही, विहीर सिमेंटने बुजवायची. रिग समुद्रात खोळंबलेली, मुंबईचे साहेब माझ्या शेवटच्या शब्दासाठी थांबलेले. एकदा सिमेंट ओतलं की विहीर गेली.

आणि नेमकं तेव्हाच हे सुरू झालं. सकाळी कुलूप काढलं, तर मधल्या एका पेटीतले सगळे बाण खाली!

गोदाम झाडायला खाडीकडच्या मिठागरवाल्या गावातून मंदाताई यायच्या. दारात माझी वाट बघत उभ्याच होत्या.

"मंदाताई, पेटीला हात लावलात?"

"नाय हो मॅडम. माझ्याच्यानं ती हलतेय व्हय? दोन गडी लागतात तिला."

खरं होतं. शिवाय किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. एकेक तुकडा फिरवून सरळ केला, कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. मग झाकणाला खिळे ठोकले. सकाळी खिळे जागच्या जागी — आणि आत बाण खाली.

"समुद्राच्या पोटातनं काढलाय," मंदाताई म्हणाल्या, "त्याला नारळ तरी दिलात काय?"

"नारळ कंपनीच्या खर्चात बसत नाही."

"मग बसा तुकडे फिरवत!"

तेवढ्यात साहेबांचा फोन. "बाई, झालं का? सिमेंटवाले थांबलेत."

माझं डोकं फिरलं. राहा म्हटलं उलटी, मी हात लावणार नाही! स्टूल ओढलं, चहा घेतला आणि रागाने त्या पेटीकडे बघत बसले. तेव्हा दिसलं. ओहोटीनंतर खाडीच्या वाळूवर बारीक वळ्या उठतात ना, तशा वळ्या एका तुकड्याच्या कोपऱ्यात होत्या. त्यांची टोकं नेहमी वर असतात. इथेही वरच होती… पेटी उलटी असताना! म्हणजे चूक बाणांची होती. रिगवर दांड्याचा हा एक भाग उलट्या टोकाने ठेवून रंगवला होता. तो पालटला की चिखलाचा पट्टा वर सरकत होता आणि खालची वाळू पुढच्या पेटीतल्या वाळूला जाऊन मिळत होती. एकच थर, चांगला जाड.

साहेबांना फोन केला. "सिमेंट थांबवा. आधी चाचणी घ्या."

"कशावरून?"

"खडकावरून."

"हे आधी दिसलं नाही?"

"बाण बघत होते."

"मग आता कसं दिसलं?"

काय सांगणार? म्हटलं, "चहा पिताना." साहेबांनी फोन आपटला, पण सिमेंट थांबवलं. चाचणीत तेल लागलं. फार मोठं घबाड नव्हे, पण विहीर वाचली.

मी चुकीचे बाण पुसून नवे काढले. पेटी त्यानंतर हलली नाही. मला मात्र राहवेना. एका संध्याकाळी मुद्दाम तिचे सगळे तुकडे फिरवून कुलूप लावलं आणि पेणची एसटी धरली. सकाळी जाऊन बघते तर काय… पेटी मी ठेवली तशीच, उलटी. कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही! पुन्हा कंबर मोडून मलाच सरळ करावी लागली. मंदाताई दारात उभ्या राहून हसत होत्या.

हे कुणाचं काम होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त नारळाचं सांगू नका, ते ऐकून झालंय.