नझीमच्या फोटोवरचे क्लिक

भुताखेताच्या गोष्टी ऐकून मी कायम हसत आले. माझं कामच तसं... दुकानांच्या वेबसाइटवर कोण येतं, कुठं रेंगाळतं, कुठून निघून जातं हे बघून मालकांना सांगायचं. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला सलीमभाईंचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. त्यांची साइट मी सांभाळते. मागच्या उन्हाळ्यात एक व्हिजिटर रोज दुपारी यायला लागला. चादरी बघायचा नाही. थेट ‘आमच्याविषयी’ हे पान उघडायचा — तिथं सलीमभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ नझीम यांचा फोटो होता.

व्हिजिटरचं नाव, चेहरा आम्हाला कळत नाही. पण त्याच्या माऊसचा बाण कसा फिरला, त्याचं रेकॉर्डिंग दिसतं. हा बाण वरून सपकन खाली यायचा — नझीमच्या मानेवर क्लिक. परत वर, परत मान. मग खांदा. मध्येच थांबायचा, दम लागल्यासारखा... आणि पुन्हा सुरू. जिथं क्लिक जास्त, तिथं रिपोर्टमध्ये पान लाल दिसतं. नझीमचा गळा लालभडक झाला होता.

आपोआप चालणारा एखादा प्रोग्राम असेल म्हणून मी त्याला ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी हजर! मग दुकानात जाऊन दाखवलं. सलीमभाई फोटो काढून टाका म्हणाले. नझीम मात्र हसला.

“ताई, कुणाचं तरी पोरगं माऊस आपटत असंल की! फोटो काडू नका, लई भारी आलाय.”

फोटो राहिला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, एका टेम्पोवाल्यानं दुकानाच्या दारात नझीमवर कोयता चालवला. कारण काय, तर ‘दारातून टेम्पो काढ’ म्हटलं! नव्या मालाचे फोटो काढायला मी तिथंच होते. पहिला घाव मानेवर. दुसरा परत मानेवर. मग खांदा. काचेवर रक्त उडालं. तो माणूस धापा टाकत थांबला... आणि मला तो बाण आठवला.

“सलीमभाई, धरा त्याला! तो परत मारणार!” मी किंचाळले.

तो पुन्हा तुटून पडला. सलीमभाईंनी चादरींचा गठ्ठा त्याच्यावर फेकून त्याला भिंतीशी दाबलं. नझीम वाचला, पण दोन बोटं गेली.

टेम्पोवाला मोडनिंबकडचा. साधा बटणांचा फोन. नझीमला त्यानं त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. तो व्हिजिटर नंतर आला नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर नझीमनं रेकॉर्डिंग बघायला मागितलं. शेवटी बाण त्याच्या कानाशेजारी, नुसत्या मोकळ्या जागेवर आपटतो. मला वाटायचं, नेम चुकला असेल. नझीमनं पट्टी बांधलेला हात उचलून कानाशी धरला.

“हितंच आडवा घातला होता मी हात, ताई.”

मी लॅपटॉप मिटला. हे आधीच कुणी बघितलं होतं, कसं बघितलं... मला आजही सांगता येत नाही.